फ्यूजचं घर

मुलांनो, गेल्या आठवड्यात एक जाडजूड पाकीट आलं. आठवीतल्या एका वाचकमित्राचं. आत चार पानी पत्र आणि वहीच्या जोडपानावर पट्टीने आखलेली आकृती. तो आणि त्याचा मामा मिळून ॲम्प्लिफायर बनवताहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनाला दरवर्षी भाड्याने साउंड आणावा लागतो, यंदा आपलाच वाजवायचा असा दोघांचा बेत. किटची पाटी सोल्डर करून झाली, हीटसिंक बसली, ट्रान्सफॉर्मरही आणलाय. आणि पत्राच्या शेवटी एवढासा प्रश्न : "बाई, फ्यूज होल्डर कोणता घेऊ? दुकानदार म्हणतो, कुठलाही घे, फ्यूज बसला म्हणजे झालं. मामाच्या जुन्या गाडीतला एक पडलाय, तो चालेल का?"

"फ्यूज बसला म्हणजे झालं" हे वाचलं आणि मला आमच्या शाळेतले शिपाईकाका आठवले. त्यांची गोष्ट आधी सांगते, कारण त्या गोष्टीत चूक माझीच होती.

नोकरी लागून मला दुसरंच वर्ष होतं. शाळेचा जुना ॲम्प्लिफायर मधेच घरघर करायचा, म्हणून मी हौसेने नवा बनवला. लाकडी खोकं, मागे दोन स्क्रूचं झाकण. सोल्डरिंग मी लहानपणीच वडिलांच्या हाताखाली शिकले होते, त्यामुळे आत्मविश्वास जरा जास्तच! फ्यूजसाठी मी काय लावलं? बेकेलाइटची छोटी पट्टी आणि तिच्यावर पितळेचे दोन उघडे चिमटे. त्यात काचेचा फ्यूज दाबून बसवायचा. स्वस्त आणि सोपं. झाकण लावलं की कुणाचा हात जातोय तिथे, असं मला वाटलं.

संमेलनाच्या रात्री तिसऱ्या नाचाला आवाज बंद. मी विंगेत एका मुलीच्या नऊवारीला पिना लावत होते. शिपाईकाकांनी मला पूर्वी एकदा फ्यूज बदलताना पाहिलं होतं. बाईंना कशाला त्रास, म्हणून त्यांनी स्वतःच ॲम्प्लिफायरचं बटण बंद केलं, झाकण उघडलं आणि आत हात घातला. एक आरोळी ऐकू आली. मी धावत गेले तर काका मागे फेकले गेलेले, कोपर बाकाच्या कडेवर आपटलेलं. पायात रबरी चप्पल होती आणि हात लगेच सुटला, म्हणून थोडक्यात निभावलं. पाणी प्यायल्यावर ते एकच वाक्य बोलले : "बाई, बटण तर मी बंद केलं होतं."

आणि ते खरं होतं, बरं का. बटण बंदच होतं. पण माझ्या जोडणीत वीज आधी फ्यूजला यायची आणि मग बटणाकडे जायची. बटण बंद केलं की त्याच्या पुढचं सगळं मृत. फ्यूज मात्र बटणाच्या अलीकडे! प्लग भिंतीत होता, तिथलं बटण चालू होतं, आणि एका चिमट्यावर २३० व्होल्ट तसेच उभे होते.

मग फ्यूज बटणाच्या पलीकडेच का लावू नये, असं तुमच्यापैकी कुणीतरी लगेच विचारेल. प्रश्न चांगला आहे. पण बटणात किंवा बटणाकडे जाणाऱ्या तारेतही शॉर्ट होऊ शकतो. फ्यूज पलीकडे असेल तर तो शॉर्ट त्याला दिसणारच नाही. म्हणून वीज खोक्यात शिरली की तिने पहिल्यांदा फ्यूजमधून जायचं, हा क्रम बरोबरच आहे. याचा अर्थ असा, की प्लग लावलेला आहे तोवर फ्यूज होल्डर जिवंत असतो. क्रम चुकला नव्हता, होल्डर चुकला होता.

इथे आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या, ती पुष्कळ मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते. फ्यूज माणसाला वाचवत नाही. आपल्या ॲम्प्लिफायरला साधारण ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज लागतो. माणसाच्या छातीतून काही दहा मिलिअँपिअर गेले तरी जिवावर बेततं. म्हणजे माणसाला शॉक बसत असतो आणि फ्यूज मात्र निवांत बसलेला असतो. त्याचं काम ट्रान्सफॉर्मर आणि तारा जळू न देणं, आग लागू न देणं, एवढंच. एडिसनने १८८० साली दिव्यांच्या तारांसाठी याचं पेटंट घेतलं तेव्हापासून तो हेच करत आलाय : स्वतः वितळायचं आणि बाकीच्यांना वाचवायचं. हाताला वाचवायचं काम फ्यूजच्या घराचं, म्हणजे होल्डरचं.

आता आपल्या मित्राच्या ट्रान्सफॉर्मरकडे येऊ. त्याने लिहिलंय, १२-०-१२ व्होल्ट, ३ अँपिअर. पेन्सिल घ्या. बारा आणि बारा चोवीस, गुणिले तीन, झाले ७२. याला ७२ व्हीए म्हणतात. ही सगळी शक्ती भिंतीतल्या २३० व्होल्टवरून येणार, म्हणून ७२ भागिले २३०. उत्तर आलं साधारण ०.३१ अँपिअर, म्हणजे ३१० मिलिअँपिअर. ट्रान्सफॉर्मर स्वतः तापतो, त्यातही थोडी वीज जाते. तेव्हा ३१५ चा फ्यूज अगदी काठावरचा झाला. ४०० चा मिळाला तर छान, पण दुकानात ५०० चा सहज मिळतो, आणि तो चालतो.

मात्र तो "आळशी" हवा! हसू नका, त्याचं नावच तसं आहे. फ्यूजच्या धातूच्या टोपीवर बारीक अक्षरं कोरलेली असतात, भिंग घेऊन वाचा. सुरुवातीला एफ असेल तर तो चपळ, टी असेल तर सावकाश. हा टी आलाय एका जर्मन शब्दावरून, त्याचा अर्थच मुळी मंद, सुस्त. आपल्याला टी हवा. का? हातगाडी ढकलताना पहिला धक्का किती जोरात द्यावा लागतो ते आठवा. एकदा चाकं फिरली की मग बोटानेही चालते. ट्रान्सफॉर्मरचंही तसंच. बटण दाबल्याच्या क्षणी त्याचा लोखंडी गाभा आणि पुढचे रिकामे कपॅसिटर, दोघेही एकदम वीज मागतात. डोळ्यांचं पातं लवायच्या आत नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह जातो आणि लगेच खाली येतो. पेढ्यासारखा गोल, मधे भोक असलेला टोरॉइड ट्रान्सफॉर्मर असेल तर हा धक्का आणखी मोठा. चपळ फ्यूज एवढ्याशा कारणाने उडतो. मग माणूस वैतागून मोठा फ्यूज घालतो, तोही उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो, आणि संपलं! त्या दिवसापासून त्या ॲम्प्लिफायरला फ्यूजच नाही.

चांदी गुंडाळायची ही सवय आपल्याकडे आली ती घरच्या किटकॅटमुळे. चिनी मातीचा तो पांढरा फ्यूज अजून कित्येक घरांत आहे, आणि त्यात तार बदलायचीच असते. पण त्यातसुद्धा मापाची तार असते, हाताला येईल ती नव्हे. काचेच्या फ्यूजला तर बाहेरून काहीही गुंडाळायचं नसतं. उडाला की तो फेकायचा आणि तशाच अक्षरांचा दुसरा घालायचा.

आता गणिताची थोडी कटू बाजू. ५०० मिलिअँपिअरचा टी फ्यूज ५०० वर उडत नाही. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्याने दीडपट प्रवाह, म्हणजे ७५० मिलिअँपिअर, निदान एक तास सहन केला पाहिजे. ७५० म्हणजे किती व्हीए? करून पाहा. १७२ च्या वर! आपला ट्रान्सफॉर्मर आहे ७२ चा. म्हणजे हळूहळू ओझं वाढत गेलं तर ट्रान्सफॉर्मर आधी जळेल आणि फ्यूज नंतर. म्हणून पलीकडच्या बाजूलाही, दोन्ही १२ व्होल्टच्या तारांत, ट्रान्सफॉर्मर आणि डायोडच्या ब्रिजच्या मधे एकेक ३.१५ अँपिअरचा टी फ्यूज लावायचा. मधल्या शून्याच्या तारेत नाही. या दोघांना घर कसलंही चालेल. माझे ते उघडे पितळी चिमटे इथे शोभून दिसतात, कारण इथे फक्त १२ आणि २४ व्होल्ट आहेत. चिमटे मात्र घट्ट असू द्या. सैल चिमट्यात फ्यूज तापतो आणि कारण नसताना उडतो.

खरा प्रश्न २३० च्या बाजूचा. दुकानात गेलात की चार प्रकारचे होल्डर समोर येतील. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर चाळीस येतील, पण घराणी चारच.

पहिलं घराणं उघड्या चिमट्यांचं. त्याची कहाणी सांगून झाली. २३० च्या बाजूला नको. आणखी एक कारण सांगते. साध्या काचेच्या फ्यूजवर बहुधा एल हे अक्षर असतं. त्याचा अर्थ, तो ३५ अँपिअर किंवा स्वतःच्या आकड्याच्या दहापट, यातलं जे मोठं असेल तेवढाच प्रवाह नीट तोडू शकतो. बटणाच्या तारेतच थेट शॉर्ट झाला तर घरातल्या सॉकेटमधून याहून कितीतरी मोठा लोंढा येऊ शकतो. अशा वेळी काच फुटते, तुकडे उडतात. ते उडायचेच असतील तर बंद घरात उडावेत. एच अक्षराचा फ्यूज पांढरा, सिरॅमिकचा, आत वाळू भरलेला असतो. तो १५०० अँपिअरपर्यंतचा लोंढा तोडतो. २३० च्या बाजूला मिळाला तर हाच घ्यावा. आकार तोच, किंमत थोडी जास्त.

दुसरं घराणं तारेत अडकवायच्या होल्डरचं. दोन प्लास्टिकच्या टोप्या, आत स्प्रिंग, दोन्हीकडून तारा. आपल्या मित्राच्या मामाकडे आहे तो याच जातीचा. गाडीची बॅटरी असते १२ व्होल्टची. गाडीसाठी केलेला होल्डर तेवढ्याच बेताने बनवलेला असतो. गाडीचे ते रंगीत पात्यांचे फ्यूज पाहिलेत ना? त्यांच्यावर ३२ व्होल्ट असं लिहिलेलं असतं. "पण बाई, फ्यूज तर अँपिअरवर उडतो, व्होल्टशी त्याचा काय संबंध?" संबंध आहे. तार वितळली म्हणजे वीज लगेच थांबली असं नाही. वितळलेल्या दोन टोकांमधे ठिणगीचा पूल तयार होतो. ३२ व्होल्टला तो पूल लगेच कोसळतो. २३० ला तो टिकून राहू शकतो, आणि तेवढ्या वेळात होल्डर पेटू शकतो. म्हणून फ्यूज असो की होल्डर, त्यावर २५० व्होल्ट लिहिलेलं असलंच पाहिजे. नसेल तर दुकानदाराला नमस्कार करून परत द्यायचा. मामांना माझा निरोप सांग : तो होल्डर गाडीतच शोभतो.

तिसरं घराणं पॅनेल होल्डरचं. खोक्याच्या मागच्या भिंतीला गोल भोक पाडून तो बसवतात. बाहेर फक्त टोपी दिसते, ती फिरवून काढली की टोपीबरोबर फ्यूजही बाहेर येतो. झाकण उघडायचीच गरज नाही. काकांच्या वेळी हा असता तर पुढचं काही झालंच नसतं. पण यातही बरे-वाईट आहेत, म्हणून दुकानात उभं राहून तीन परीक्षा घ्या. होल्डर अजून कशालाच जोडलेला नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

पहिली करंगळीची परीक्षा. टोपी काढा आणि घरातल्या सगळ्यात लहान मुलाची करंगळी आठवा. तुमची स्वतःची त्या भोकात घालून पाहा. आतल्या धातूला ती लागतेय का? लागत असेल तर होल्डर नापास. चांगल्या होल्डरमधे धातू इतका खोल असतो की बोट पोचत नाही. त्या खोलीसाठीच आपण पैसे देतोय. काही होल्डरची टोपी हाताने फिरते, काहींची फक्त स्क्रूड्रायव्हरने किंवा नाण्याने. घरात लहान भावंडं असतील तर दुसरा प्रकार घ्या.

दुसरी, टोपीची परीक्षा. फ्यूज घालून टोपी लावा, पुन्हा काढा, आणि टोपी खाली धरून हलकेच हलवा. फ्यूज टोपीला धरून राहिला पाहिजे. सुटून आतच पडत असेल तर कुणीतरी तो चिमट्याने किंवा केसांच्या पिनेने काढायला जाणार. कोण जाणार ते तुम्हालाही माहीत आहे.

तिसरी परीक्षा होल्डरच्या अंगाची. मागे नट असतो आणि अंगाची एक बाजू चपटी असते. ती सपाटी उगाच नाही. खोक्यालाही तशाच आकाराचं भोक पाडलं की होल्डर जागच्या जागी राहतो. पूर्ण गोल भोक पाडून बसवलात, तर दहाव्यांदा टोपी फिरवताना होल्डरच गर्रकन फिरतो, आतल्या तारा पिळतात आणि तुटलेली तार पत्र्याच्या खोक्याला टेकते. मी हे दुसऱ्या एका खोक्यात पाहिलंय. माझ्याच! तेव्हा भोक आधी थोडं लहान पाडा आणि कानशीने घासत घासत बेतशीर करा.

मापाचंही बघा. आपल्याकडे दोन मापांचे काचेचे फ्यूज मिळतात : ५ मिलिमीटर जाड आणि २० लांब, किंवा ६.३ जाड आणि ३२ लांब. होल्डर ज्या मापाचा, फ्यूजही त्याच मापाचा. गावातल्या दुकानात जे माप बाराही महिने मिळतं, तेच निवडा. हा माझा अनुभवाचा सल्ला. संमेलनाच्या रात्री कुणी मुंबईला जात नाही.

आता जोडणी. पॅनेल होल्डरला मागे दोन टॅग असतात, एक अगदी शेवटी, शेंडीला, आणि एक बाजूला. भिंतीतून येणारी फेजची तार शेंडीच्या टॅगला जोडायची. बाजूच्या टॅगवरून निघून बटणाकडे, तिथून ट्रान्सफॉर्मरकडे. उलटं जोडलं तरी ॲम्प्लिफायर वाजतो, म्हणून पुष्कळ जण लक्षच देत नाहीत. पण बाजूचा टॅग टोपीच्या जवळ असतो. तो जिवंत ठेवलात, तर कुणी प्लग न काढता फ्यूज काढायला गेलं की अर्धवट बाहेर आलेल्या फ्यूजवरही वीज असू शकते. शेंडी जिवंत असेल तर फ्यूज जरा सरकला की त्याचा विजेशी संबंध तुटतो, आणि जिवंत टोक राहतं खोल आत. दोन्ही टॅगवर सोल्डर केल्यावर नळी चढवायला विसरू नका. नळी तारेत आधी घालायची असते, नंतर आठवून उपयोग नाही! (माझ्या वर्गातली मुलं हे वाक्य माझ्या आवाजात म्हणून दाखवतात.) सोल्डर मात्र झटपट करा, नाहीतर प्लास्टिक मऊ होऊन टॅग डुगडुगायला लागतो.

फेजची तार म्हणजे जुन्या केबलमधे लाल, नव्यात तपकिरी. न्यूट्रल काळी किंवा निळी. अर्थ हिरवी, किंवा हिरव्यावर पिवळा पट्टा असलेली. आणि इथे आपल्या मित्राच्या आकृतीत मी लाल पेनाने एक गोल केलाय. अरे, तू फ्यूज काळ्या तारेत दाखवला आहेस. तोही उडेल, आवाजही बंद होईल, सगळ्यांना वाटेल वीज गेली. पण फेज मात्र ट्रान्सफॉर्मरपर्यंत तशीच उभी! याच कारणासाठी दोन पिनांचा प्लग नको. तो दोन्ही बाजूंनी घुसतो, मग आज फ्यूज फेजमधे आणि उद्या न्यूट्रलमधे. तीन पिनांचाच लाव. भिंतीकडे तोंड करून उभा राहिलास की वरचं मोठं भोक अर्थचं, खालचं उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं असायला हवं. तसं ते खरंच आहे का, हे मामा टेस्टरने पाहतील, तू नाही. आणि हिरवी तार खोक्याच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळायची. केबल कुणी ओढली तर सगळ्यात शेवटी ती तुटावी, म्हणून तिला थोडी जास्त लांबी ठेवायची.

चौथं घराणं उरलं, आणि शाळेसाठी माझं मत त्यालाच. कॉम्प्युटरच्या मागे केबल खुपसायचं तीन पिनांचं सॉकेट असतं ना, तसंच सॉकेट फ्यूजच्या छोट्या खणासकट मिळतं. त्यातली युक्ती बघा. खण असतो केबलच्या तोंडाशी. केबल खुपसलेली असेल तर खण उघडतच नाही! फ्यूज बदलायचा तर आधी केबल काढावी लागते, आणि केबल काढली की आतलं सगळं आपोआप मृत. कुणाला सूचना द्यायला नको, कुणी घाईत विसरायला नको. काही खणांत जादा फ्यूज ठेवायलाही जागा असते. पण घेताना तपासा : काही सॉकेटांमधे खण बाजूला असतो आणि केबल न काढताही उघडतो, ते आपल्या उपयोगाचं नाही. शिवाय याला चौकोनी भोक लागतं. ड्रिलने ओळीत भोकं पाडून कानशीने घासत बसायचं, एक रविवार जातो. दाटीवाटीने केलेलं सोल्डरिंग इथेही झाकायला हवं. घरी एकट्यापुरता छोटा ॲम्प्लिफायर असेल तर चांगला पॅनेल होल्डर पुरे. पण संमेलनात, गणपतीत, दहा हातांत जाणारं खोकं असेल तर हा रविवार खर्च करा.

आता थोडं पालकांशी. मुलगा किंवा मुलगी असं काही करतेय म्हणून हत्यारं काढून घेऊ नका. मात्र २३० व्होल्टच्या बाजूची जोडणी तुमच्या किंवा जाणकार माणसाच्या डोळ्यांसमोरच झाली पाहिजे, आणि पहिल्यांदा प्लग लावायचं काम मुलांचं नाही. पहिल्यांदा लावताना टीव्ही दुरुस्त करणारे वापरतात तसा सिरीज बोर्ड वापरा. त्यात ६० किंवा १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब हवा, एलईडी नव्हे. क्षणभर उजळून बल्ब मंद झाला तर ठीक. झगझगीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, प्लग काढा. कुठलाही फ्यूज न जाळता दोष कळतो. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेली असेल तर तिचं चाचणीचं बटण आजच दाबून पाहा. माणसासाठी आहे ती हीच. फ्यूज नाही, आणि साधी एमसीबीही नाही.

आणि प्लग काढल्यावरही लगेच आत हात घालू नका. मोठ्या कपॅसिटरमधे थोडा वेळ वीज साठून राहते. १२-०-१२ च्या जोडणीत तिने शॉक बसणार नाही, पण हातातला स्क्रूड्रायव्हर चुकून टेकला तर टप्पकन ठिणगी उडते आणि किटची आयसी जाते. मग आयसी आणायला पुन्हा बाजार.

आमच्या शाळेतल्या त्या लाकडी खोक्याचं पुढे काय झालं ते राहिलंच. त्याच सुट्टीत मी त्याचं मागचं झाकण बदललं. नवी पत्र्याची पाटी, अर्थची तार आणि खणाचं सॉकेट. सगळं झाल्यावर शिपाईकाकांना बोलावलं. त्यांनी केबल खुपसलेली ठेवून खण ओढून पाहिला, निघेना. केबल काढून ओढला, निघाला. मग खिशातून मार्कर काढून सॉकेटच्या वर स्वतःच्या हाताने लिहिलं : "टी ५०० मि.अँ. दुसरा घालू नये." खणात एक जादा फ्यूज ठेवला, आणि आणखी दोन आपल्या किल्ल्यांच्या डबीत.

तर मित्रा, तुझी आकृती याच पाकिटातून परत पाठवतेय. फ्यूज लाल तारेत घे, मामाचा होल्डर मामाला दे, आणि खोकं पूर्ण झालं की झाकण लावायच्या आधी, प्लग लावायच्याही आधी, आतला एक फोटो काढून पाठव. शेंडीच्या टॅगवर कोणती तार आहे, ते फोटोत स्पष्ट दिसू दे.